वाचकांचे प्रश्न : जहाजांचा पाण्याखालचा आवाज कसा मोजतात आणि त्याचा अंदाज कितपत बांधता येतो?

जहाजांमुळे समुद्रात होणाऱ्या गोंगाटाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे उत्तरांसह देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत, आणि ज्या पत्रांमध्ये प्रश्नाआधी आकड्यांचाच घोळ होता, त्यांच्या उत्तरात आधी तो घोळ सोडवला आहे.

प्रश्न : मोठे कंटेनर जहाज १८८ डेसिबल आवाज करते असे वाचले. उड्डाण करणाऱ्या जेट विमानाजवळचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास सांगतात. जहाज जर विमानापेक्षा इतके गोंगाटी असेल, तर धक्क्यावर उभे राहून ते फारसे ऐकू का येत नाही?

उत्तर : हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवणेच चुकीचे आहे, आणि ही चूक वर्तमानपत्रांत वारंवार होते. डेसिबल हे मीटर किंवा किलोसारखे स्वतंत्र माप नाही, ते गुणोत्तर आहे. कशाच्या तुलनेत, हे सांगितल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ येत नाही. हवेत संदर्भदाब २० मायक्रोपास्कल धरतात, कारण माणसाच्या ऐकण्याचा उंबरठा साधारण तेथे आहे. पाण्यात तो १ मायक्रोपास्कल धरतात. एवढ्यानेच २६ डेसिबलचा फरक पडतो. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी घन आहे आणि त्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. त्यामुळे तेवढ्याच दाबाची लहर पाण्यात हवेच्या तुलनेत सुमारे ३६०० पटींनी कमी ऊर्जा वाहून नेते. हे आणखी ३६ डेसिबल झाले. दोन्ही मिळून सुमारे ६२ डेसिबल वजा केल्याशिवाय पाण्यातला आकडा हवेतल्या आकड्याशेजारी बसवता येत नाही, आणि वजा केल्यावरही ती तुलना फक्त ऊर्जेची असते, कानाला काय जाणवेल याची नसते.

१८८ हा आकडा बहुधा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीतला असावा. त्यात सुमारे ५४,००० ग्रॉस टनांच्या एका कंटेनर जहाजासाठी १८८, तर एका रासायनिक टँकरसाठी १७७ डेसिबल असे आकडे आले होते. हे आकडे ‘१ मीटर अंतरावरचे’ म्हणून सांगितले जातात, पण असे १ मीटरचे ठिकाण प्रत्यक्षात कोठेच नसते. शेकडो मीटर लांबीच्या जहाजाचा सगळा आवाज एका बिंदूतून निघाला असता तर त्या बिंदूपासून १ मीटरवर किती दाब भरला असता, याचे ते कागदावरचे उत्तर आहे. गंमत अशी, की १८८ डेसिबलचे ध्वनिशक्तीत रूपांतर केले तर उत्तर येते जेमतेम ५० वॅटच्या आसपास. हजारो किलोवॅटच्या इंजिनाच्या कामातला इतका क्षुल्लक हिस्सा पाण्यात ध्वनी होऊन पसरतो; पण पाणी तो सहजासहजी गिळत नाही, म्हणून तो दूरवर पोचतो.

धक्क्यावर ऐकू न येण्याचे कारणही यातच आहे. पाण्यातून वर आलेला ध्वनी पृष्ठभागावर आदळून जवळजवळ सगळाच परत पाण्यात वळतो. आणि या जहाजाचा मुख्य आवाज ४० हर्ट्झच्या खाली आहे, जेथे आपला कान मंद असतो.

प्रश्न : चालत्या जहाजाचा आवाज नेमका मोजतात कसा? जहाजाला खाली मायक्रोफोन बांधतात का?

उत्तर : जहाजाला बांधलेला हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, त्याच्या स्वतःच्या कंपनांचा आणि अंगावरून सरकणाऱ्या पाण्याचा आवाज अधिक नोंदवेल. म्हणून हायड्रोफोन एका जागी ठेवतात आणि जहाजाला त्याच्या शेजारून जायला सांगतात. खोल पाण्यातील मोजणीची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ १७२०८ या मानकाच्या पहिल्या भागात, २०१६ साली, ठरवून दिली आहे.

तीत तीन हायड्रोफोन वेगवेगळ्या खोलीवर टांगतात. जहाज सर्वांत जवळ आले असताना पृष्ठभागापासून खाली १५, ३० आणि ४५ अंशांच्या कोनांत ते यावेत अशी त्यांची खोली ठरवलेली असते. जवळचे अंतर किमान १०० मीटर किंवा जहाजाची लांबी, यांपैकी जे जास्त असेल ते. पाण्याची खोली किमान १५० मीटर किंवा लांबीच्या दीडपट, येथेही जे जास्त असेल ते. आता २०० मीटर लांबीचे जहाज घेऊ. हायड्रोफोन सुमारे ५४, ११५ आणि २०० मीटर खोलीवर जातील आणि समुद्र किमान ३०० मीटर खोल लागेल. किनाऱ्याजवळच्या बहुतेक जलमार्गांवर इतकी खोली मिळत नाही, ही या पद्धतीची पहिली अडचण.

जहाजाने ठरलेल्या वेगाने, इंजिनाचे फेरे स्थिर ठेवून आणि सुकाणू शक्य तितके न हलवता सरळ रेषेत जायचे असते. सर्वांत जवळच्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांच्या आतली नोंदच हिशेबात धरतात. आपल्या उदाहरणातल्या जहाजाचा हा टप्पा सुमारे २३० मीटरचा झाला. १५ नॉट वेगाने तो अर्ध्या मिनिटात ओलांडला जातो. त्या अर्ध्या मिनिटासाठी जहाजाला दूर जाऊन वळून यावे लागते, आणि डाव्या व उजव्या अंगाच्या किमान दोन-दोन अशा चार फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात. एका वेगाचा हा हिशेब. तीन वेग तपासायचे म्हटले की दिवस संपतो, आणि जहाजाचा एक दिवस किती महाग असतो हे मालकाला विचारावे.

नोंद हाती आल्यावर ती साधारण १० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, एकेका सप्तकाचे तीन भाग पाडून, पट्ट्यापट्ट्याने पाहतात. प्रत्येक पट्ट्यात जहाज नसतानाचा समुद्राचा आवाजही वेगळा मोजलेला असतो. जहाजाचा आवाज त्याच्या १० डेसिबल वर असेल तर तो तसाच घेतात. ३ ते १० डेसिबल वर असेल तर दुरुस्ती करून घेतात. ३ डेसिबलही वर नसेल तर तो पट्टा सोडून देतात. नवख्या माणसाची फसगत होते ती कमी वारंवारतेच्या पट्ट्यांत. हायड्रोफोन ज्याला टांगलेले असतात तो तरंगता बोया लाटेबरोबर वर-खाली होतो, प्रवाहात केबल तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते, आणि दोन्ही आवाज थेट त्या भागात उतरतात जेथे जहाजाचे इंजिन ऐकायचे असते. म्हणून बोया आणि हायड्रोफोन यांच्यामध्ये रबरी दोरासारखा लवचीक भाग घालतात. चांगली मोजणी करणारा माणूस उपकरणांपेक्षा या टांगणीविषयी अधिक बोलतो, असे माझे निरीक्षण आहे.

प्रश्न : मी जहाजबांधणीचा विद्यार्थी आहे. एकाच जहाजाच्या दोन अहवालांत कमी वारंवारतेला १० डेसिबलहून अधिक तफावत दिसली. दोन्ही मोजण्या नीट झाल्या असतील, तर खरे कोणते मानायचे?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात, कारण बहुधा ते दोन वेगळ्या राशींविषयी बोलत आहेत. मोजलेल्या दाबपातळीत केवळ अंतराची भर घातली, म्हणजे मीटरमधील अंतराच्या लॉगॅरिदमची २० पट मिळवली, की जी राशी येते ती उत्सर्जित ध्वनिपातळी. तिच्यात समुद्राच्या पृष्ठभागाचा परिणाम तसाच राहतो. तो परिणाम काढून टाकल्यावर जी उरते ती उगमपातळी. ती कशी काढायची हे त्याच मानकाच्या २०१९ मधील दुसऱ्या भागात सांगितले आहे.

पृष्ठभागाचा परिणाम असा, की जहाजाला ढकलणाऱ्या पंख्यापासून (प्रोपेलरपासून) निघालेला ध्वनी हायड्रोफोनकडे दोन वाटांनी येतो, एक थेट आणि दुसरा पृष्ठभागावरून परतून. परततांना लहर उलटी होते. दोन्ही वाटांच्या लांबीतला फरक लहरीच्या लांबीपुढे नगण्य असला की त्या एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. मानकानुसार उगमाची खोली जहाज पाण्यात जितके बुडालेले असेल त्याच्या ०.७ पट धरतात. जहाज १० मीटर बुडालेले असेल तर उगम ७ मीटरवर. ३० अंशांच्या कोनात १० हर्ट्झसाठी गणित केले, तर पृष्ठभागामुळे पातळी सुमारे ११ डेसिबलने खाली येते. आपण पाहिलेली तफावत बहुधा हीच. तेच जहाज रिकामे असून ५ मीटरच बुडालेले असेल तर ही घट १७ डेसिबलच्या जवळ जाते. म्हणजे इंजिन तेच, पंखा तोच, तरीही केवळ माल उतरवल्याने दूरवर पोचणारा खालच्या पट्टीचा आवाज या एका कारणाने ६ डेसिबलने बदलतो. प्रत्यक्षात पंखा पृष्ठभागाजवळ आल्याने इतर बदलही होतात, ते निराळे.

आपल्या कामाच्या दृष्टीने एवढे लक्षात ठेवावे, की दूरवरच्या पातळीचा अंदाज संगणकावर बांधायचा असेल तर उगमपातळीच हवी. प्रसाराचे गणित पृष्ठभागाचा हिशेब स्वतः करते. त्यात उत्सर्जित पातळी घातली तर पृष्ठभाग दोनदा मोजला जातो. आणि उगमपातळी ज्या खोलीसाठी काढली असेल ती खोली सोबत लिहिलेली नसेल, तर तो आकडा न वापरलेलाच बरा.

प्रश्न : वेग कमी केला की आवाज कमी होतो, हे सर्वच जहाजांना लागू आहे का? आणि ५-६ डेसिबलची घट म्हणजे खरोखर काही आहे का?

उत्तर : बहुतेकांना लागू आहे, सर्वांना नाही. कारण कळण्यासाठी पंख्याकडे पाहावे लागेल. पाते वेगाने फिरते तेव्हा त्याच्या एका अंगाला दाब इतका घसरतो की पाणी त्याच तापमानाला उकळून वाफेच्या पोकळ्या तयार होतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पुढच्या क्षणी त्या पोकळ्या पुन्हा जास्त दाबाच्या पाण्यात जातात आणि कोसळतात. आवाज होतो तो या कोसळण्याचा. जहाजाच्या मागे, पंख्याच्या वरच्या भागात, जहाजाच्या धडाच्या (हलच्या) आडोशामुळे पाणी मंद असते. प्रत्येक पाते त्या मंद पाण्यातून जाताना पोकळी फुगते आणि बाहेर पडताना कोसळते. मिनिटाला ९० फेरे घेणाऱ्या पाच पात्यांच्या पंख्यात हे सेकंदाला ७.५ वेळा घडते, म्हणून ७.५ हर्ट्झला आणि त्याच्या पटींना ठळक रेषा दिसतात. बाकीचा सळसळता गोंगाट शेकडो, हजारो हर्ट्झपर्यंत पसरतो. पोकळ्या सुरू होण्याचा एक उंबरठ्याचा वेग असतो. त्याच्या खाली यंत्रांचा आवाज वरचढ असतो, त्याच्या वर पंखाच सगळे झाकून टाकतो.

डोनाल्ड रॉस यांनी १९७६ साली मांडलेल्या सूत्रात आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घातात वाढतो. त्यानुसार वेग निम्मा केला तर १८ डेसिबलची घट व्हायला हवी. तेच अंतर कापायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून एकूण ध्वनिऊर्जेत ३ डेसिबलची भर पडते. तरीही व्यवहार फायद्याचाच राहतो. प्रत्यक्ष पडताळा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हारो सामुद्रधुनीत मिळाला. व्हँकूव्हर बंदराच्या इको कार्यक्रमाने २०१७ साली तेथे जहाजांना स्वेच्छेने ११ नॉटपर्यंत वेग उतरवायला सांगितले. कंटेनर जहाजांची उगमपातळी सरासरी ११.५ डेसिबलने, तर सुट्या मालाच्या जहाजांची ५.९ डेसिबलने उतरली. दुसरा आकडा लहान का, तर ती जहाजे मुळातच सावकाश चालत होती.

अपवाद आहे तो पात्यांचा कोन बदलता येणाऱ्या पंख्यांचा. अशी काही जहाजे फेरे तेवढेच ठेवून फक्त कोन कमी करून वेग उतरवतात. मग पाते चुकीच्या कोनात पाणी कापते, पोकळ्या त्याच्या दुसऱ्या अंगाला होऊ लागतात आणि वेग कमी होऊनही आवाज वाढतो. अशा जहाजाला ‘हळू चला’ एवढेच सांगून उपयोग नाही; फेरेही उतरवावे लागतात.

६ डेसिबल म्हणजे काय, याचे उत्तर व्हेलच्या बाजूने द्यायचे तर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील फंडीच्या उपसागरातली नोंद सांगता येईल. ११ सप्टेंबर २००१ नंतर तेथील जहाजवाहतूक अचानक घटली आणि पाण्यातला आवाज ६ डेसिबलने खाली आला, मुख्यतः १५० हर्ट्झच्या खालचा. त्याच काळात तेथील राइट व्हेलच्या विष्ठेत ताणाशी संबंधित संप्रेरकांचे प्रमाण कमी आढळले. दाब निम्मा होणे म्हणजे ६ डेसिबल. मोकळ्या पाण्यात जहाज दुप्पट दूर गेल्याने जेवढा फरक पडेल तेवढा.

प्रश्न : जहाजाचा प्रकार, लांबी आणि वेग एवढी माहिती तर जहाजांच्या मागोव्याच्या संकेतस्थळांवर सहज मिळते. मग एवढ्या खर्चाने मोजायचे कशाला? सूत्रात घातले की झाले!

उत्तर : ताफ्याचा अंदाज हवा असेल तर आपले म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. एका जहाजाचा हवा असेल तर नाही. या दोन गरजांमधला फरक न ओळखता सूत्रे वापरली जातात, आणि माझ्या मते या विषयातला निम्मा वाद तेथूनच उद्भवतो.

रॉस यांच्या सूत्रावर आधारित रँडी हे मॉडेल दीर्घकाळ वापरात होते. त्यातली मूळ मोजमापे जुन्या जहाजांची. वेल्स आणि हाइटमायर यांनी २००२ साली ५४ व्यापारी जहाजांची मोजणी मांडली तेव्हा लांबी आणि वेग यांचा उगमपातळीशी असलेला संबंध अगदीच क्षीण दिसला. याचा अर्थ वेगाने फरक पडत नाही असा नव्हे. एकाच जहाजाने वेग वाढवला तर त्याचा आवाज वाढतो. पण वेगवेगळी जहाजे वेगवेगळ्या वेगासाठीच घडवलेली असतात. २० नॉटसाठी घडवलेले जहाज १४ नॉटला शांत असते, तर १४ साठी घडवलेले जहाज त्याच वेगाला पूर्ण ताकदीवर असते. म्हणूनच २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जोमोपान्स-इको मॉडेलमध्ये प्रत्येक प्रकारासाठी एक संदर्भवेग धरून त्याच्याशी तुलना करतात. ते व्हँकूव्हरजवळच्या १,८६२ मोजण्यांवर बेतलेले आहे. तरीही एकाच प्रकारच्या, सारख्या आकाराच्या दोन जहाजांत कित्येक डेसिबलचा फरक उरतोच. पंख्याची रचना, पात्यांवरचे शेवाळ आणि ओरखडे, त्या दिवशीचा भार, इंजिनाची बैठक यांपैकी काहीच मागोव्याच्या संदेशात, म्हणजे जहाजे आपली ओळख, जागा आणि वेग कळवण्यासाठी रेडिओवरून पाठवतात त्या संदेशात, नसते. त्यात दिशेचा भाग वेगळा : वर उल्लेखिलेल्या कॅलिफोर्नियातल्या मोजणीत जहाजामागचा आवाज त्याच्या पुढच्या आवाजापेक्षा ५ ते १० डेसिबलने अधिक होता, पण सूत्र एकच आकडा देते.

जहाज बांधण्याआधीचा अंदाज हे निराळेच काम आहे. त्यासाठी पंख्याची लहान प्रतिकृती दाब कमी केलेल्या जलबोगद्यात फिरवून पोकळ्या पाहतात, आवाज मोजतात आणि मग तो पूर्ण आकारासाठी मोठा करतात. प्रवाहाचे संगणकीय गणितही करतात, त्यातून ध्वनी काढण्यासाठी फॉक्स विल्यम्स आणि हॉकिंग्स यांचे १९६९ सालचे समीकरण वापरतात. पात्यांच्या वारंवारतेच्या रेषा यातून बऱ्यापैकी येतात. सळसळता, सर्व पट्ट्यांत पसरलेला आवाज मात्र अवघड. लहान प्रतिकृतीतील बुडबुडे आणि मोठ्या पंख्यातील बुडबुडे सारखे वागत नाहीत.

उगमपातळी हाती आल्यावर ती दूरवर नेण्याचे गणित उरते. १०० हर्ट्झचा ध्वनी समुद्राचे पाणी किलोमीटरला डेसिबलच्या हजाराव्या भागाएवढाच शोषते. घट होते ती पसरण्याने आणि तळामुळे. उथळ पाण्यात तळ चिखलाचा आहे की खडकाचा, यावर उत्तर बदलते. पाण्याच्या थरांतील तापमान ध्वनीला वर किंवा खाली वळवते, म्हणून तेच जहाज उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळ्या अंतरापर्यंत ऐकू जाते. आणि आपण म्हणता त्या संकेतस्थळांविषयी एक गोष्ट : आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० ग्रॉस टनांच्या व त्यावरील जहाजांना तो संदेश पाठवणे बंधनकारक आहे, पण असंख्य लहान बोटी त्यात दिसतच नाहीत. किनाऱ्यालगतच्या नकाशात शांत दिसणारे पाणी त्यामुळे प्रत्यक्षात शांत असेलच असे नाही.

प्रश्न : विजेवर चालणारी जहाजे आली की हा प्रश्न मिटेल का? आणि यावर काही कायदा आहे का?

उत्तर : बंदरात शिरताना, कमी वेगात, फरक पडेल, कारण तेव्हा यंत्रांचाच आवाज वरचढ असतो. खुल्या समुद्रात पूर्ण वेगाने जाणाऱ्या जहाजाचा पंखा वीज कोठून आली हे पाहत नाही. पोकळ्या तशाच होतात.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ साली त्या सुधारल्या. दोन्ही ऐच्छिक आहेत. युरोपीय संघाच्या २००८ च्या सागरी निर्देशात ध्वनी हा समुद्राच्या स्थितीचा एक निकष आहे आणि सततच्या आवाजासाठी ६३ व १२५ हर्ट्झचे पट्टे पाहिले जातात. याखेरीज काही वर्गीकरण संस्था, म्हणजे जहाजांची तपासणी करून त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्था, शांत जहाजांना वेगळे प्रमाणपत्र देतात. त्यांपैकी डीएनव्ही या संस्थेने ते २०१० साली सुरू केले.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयात पिएझो चकती (दाब पडला की वीज देणारी चकती) वापरून हायड्रोफोन तयार केला आहे. त्याने जाणाऱ्या जहाजाचे डेसिबल सांगता येतील का?

उत्तर : आत्ता नाही. आपल्याजवळ व्होल्टचा आकडा आहे, दाबाचा नाही. एका मायक्रोपास्कलला आपली चकती किती व्होल्ट देते हे ती प्रमाणित हायड्रोफोनशेजारी ठेवून तपासावे लागेल, तेही प्रत्येक वारंवारतेला. तोवर सापेक्ष मोजणी उत्तम करता येईल : त्याच जागेवरून जाणाऱ्या जहाजांची परस्परांशी तुलना करा, जहाज नसतानाची नोंद दर वेळी घ्या, आणि वर्णपटात पात्यांच्या रेषा शोधा. सलग दोन रेषांमधील अंतर हर्ट्झमध्ये मोजून ६० ने गुणले आणि पात्यांच्या संख्येने भागले, की पंख्याचे मिनिटाचे फेरे मिळतात. यासाठी कसलेही प्रमाणीकरण लागत नाही. मात्र या रेषा काही हर्ट्झपासून सुरू होतात, तेव्हा ध्वनिमुद्रण यंत्र इतक्या खालचा आवाज गाळून तर टाकत नाही ना, हे आधी पाहा, आणि त्यातील स्वयंचलित पातळी-नियंत्रण बंद करा. ते चालू असेल तर जवळचे आणि दूरचे जहाज सारखेच मोठे दिसेल.